पांढरे सांधे

सांधे भरलेले होते. मी सिमेंटच्या मालाची पिशवी खांद्यावर आणि जाळीच्या पट्टीचं रीळ मनगटात अडकवून माच्या बाथरूमच्या दारात उभी, आणि समोर तिन्ही भिंतींवरचे सगळे सांधे कुणीतरी माझ्याआधीच भरून, घासून, पुसून ठेवलेले. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, आयतं झालं, आणि कॉफी करायला खाली गेली असती. मी गेले नाही. कारण सांधे पांढरे होते. टाइलखाली भिंतीला लावतात तो सिमेंट बोर्ड करडा असतो, त्याच्या सांध्यात भरायचा मालही करडा, आणि काम झालं की सगळी भिंत एकसारखी मळकट दिसते, म्हातारीच्या कपड्यांसारखी. इथे मात्र करड्या भिंतीवर पांढरेशुभ्र पट्टे होते, सरळ, रुंद, कडेला नाहीसे होत गेलेले. हे काम आमच्या चीक्टोवाग गावात एकाच माणसाचं असू शकतं. नॉर्बचं. माझ्या भावाचं. मी पिशवी खाली ठेवली, बोट तोंडात घालून ओलं केलं आणि मधल्या सांध्यावर घासलं. बोटाला पांढरं आलं. पुन्हा ओलं केलं, पुन्हा घासलं, आणखी आलं, टूथपेस्टसारखं. लांबी. बादलीत तयार मिळते ती, बैठकीच्या खोलीत, झोपायच्या खोलीत, छताला, जिथे वर्षानुवर्षं थेंबभर पाणी लागत नाही तिथे भरायची लांबी. आणि खाली कागदाची पट्टी. शॉवरच्या आत.

माल आणि लांबी यांत फरक काय, असं मला कुणी विचारलं तर मी एका वाक्यात सांगते, कारण वॉल्टरने मला एका वाक्यातच सांगितला होता. वॉल्टर माझा नवरा होता, टाइल बसवायचा, आणि त्याच्याबरोबर नांदले तोवर माल कालवायचं काम माझ्याकडे होतं. तो म्हणाला होता, लांबी वाळते आणि माल धरतो. वाळलेलं पाणी लागलं की परत मऊ होतं. धरलेलं परत फिरत नाही. वॉल्टर इतर बाबतीत बेकार माणूस होता, पण हे त्याचं खरं होतं. टाइलमागे पाणी जातंच. कितीही बारीक भरा, जातंच. ते माल भरलेल्या सांध्यापाशी जातं आणि काही न करता सुकून जातं. लांबी भरलेल्या सांध्यापाशी गेलं की तिथेच राहायला येतं. आधी वास येतो. मग एक टाइल ठोकली की पोकळ वाजते. मग एक दिवस कुणीतरी आधारासाठी हात टेकवतं आणि भिंत हात घेऊन आत जाते. हे नॉर्बला माहीत नाही? नॉर्बला? घरांच्या भिंतींचे सांधे भरण्यात ज्याचे गुडघे गेले, त्याला? हे त्याला प्रार्थनेपेक्षा नीट पाठ आहे. प्रार्थना तो मधे विसरतो, ओठ हलवतो, मी बाजूला बसून बघितलेलं आहे.

तर मग ही चूक नव्हती. हेच मला दारातून पुढे जाऊ देईना. चूक असती तर मी खुशाल ओरडले असते, त्याला फोन करून शिव्या घातल्या असत्या, तो हसला असता. चूक नव्हती. मा जानेवारीत घराच्या मागच्या पायरीवर पडली, तिची उजवी बाजू गेली, ती आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या सेंटरमध्ये आहे, आणि तिथल्या लोकांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की टब ओलांडायला तिचा पाय आता उचलणार नाही. टब काढा, जमिनीला सपाट शॉवर करा, बसायला फळी करा, आणि रात्रंदिवस घरात एक माणूस पाहिजे. एवढं करा आणि घेऊन जा. ते माणूस मी. मी तिथल्या तिथे हात वर केला होता, शाळेतल्या पोरीसारखा. माझी जागा सोडत असल्याचं घरमालकाला सांगून झालं, माझी खोकी डॅडच्या खोलीत येऊन पडली, सकाळची आणि दुपारची स्कूलबसची फेरी सोडली तर बाकी सगळा वेळ माझा आणि माचा. ईस्टरच्या आत तिला घरी आणायची. आणि नॉर्बने त्या शॉवरमध्ये लांबी भरली. ज्या भिंतीला मा हात टेकवणार, तिच्यात. नॉर्ब आळशी आहे, खोटारडा आहे, बायकोला घाबरतो, पण माला तो पोकळ भिंतीपाशी उभी करणार नाही. जीव गेला तरी नाही. म्हणजे मा त्या भिंतीपाशी उभी राहणारच नव्हती. हे मला तेव्हाच कळलं, अगदी स्वच्छ, आणि मी ते कळू दिलं नाही. मी लोखंडी पत्ती उचलली आणि खरवडायला लागले.

खरवडायचं म्हणजे आधी स्पंजने ओलं करायचं, जरा थांबायचं, मग पत्ती तिरकी धरून खालून वर ढकलायची. पांढरा लगदा पत्तीवर गोळा होतो, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. कागदाची पट्टी एका टोकाला सुटली की ओढून काढता येते, ओली असली तर तुकड्यातुकड्यांनी येते, नखांत जाते. आणि मधल्या भेगेत जे घुसलेलं असतं ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरावं लागतं. काम चालू असलं की माझं डोकं शांत राहतं असं लोकांना वाटतं. उलट आहे. हात गुंतले की डोकं मोकाट सुटतं. मला त्या सांध्यांचा राग येत होता आणि ते किती चांगले भरलेत याचाही राग येत होता. कुठे उंचवटा नाही, कुठे पत्तीची रेघ नाही. नॉर्ब शिकाऊ होता तेव्हा त्याने माच्या जेवणाच्या खोलीचं छत केलं होतं, आणि ईस्टरला सगळे जमलेले असताना मा खुर्चीवर चढली, ईस्टरच्या कपड्यांत, बूट काढून, आणि छतावरून तळहात फिरवत म्हणाली, "बघा, सांधा सापडतोय का कुणाला? शोधून दाखवा!" डॅडला चढवलं, माझ्या मावसभावाला चढवलं, वॉल्टरला चढवलं. मला कुणी चढ म्हटलं नाही, पण मी चढले. आणि मला सापडला. खिडकीकडच्या बाजूला, अगदी किंचित, केसाएवढा. मी म्हटलं, "हा काय इथे." मा खाली उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. "तुला सापडणारच," ती म्हणाली. मग आम्ही जेवायला बसलो. ईस्टरला लोण्याला कोकराचा आकार देतात, ते कोकरू ताटात होतं, आणि माने नेहमीप्रमाणे त्याचं डोकं कापून नॉर्बच्या पावावर ठेवलं. आमच्या घरी डोकं नॉर्बचं. लहानपणापासून. का, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. मला मागची बाजू. लोणी तेच असतं, मला माहीत आहे. मला कुणी ते सांगू नये.

मी मधली भिंत उघडी केली आणि माल कालवून ठेवला, खरवडून झालं की लगेच जाळी लावता यावी म्हणून. चांगला कालवला होता, थापीवर उभा राहील असा. तो जरा मुरायला ठेवून मी कोपऱ्यात वळले, आणि या कोपऱ्यात, जिथे आता जमीन सपाट आहे, तिथे पूर्वी टबाची नळाकडची बाजू होती. डॅडला मा इथेच आंघोळ घालायची. डॅडचं डोकं गेलं होतं शेवटी, बोलणं संपलं होतं. पोलादाच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिलेला एवढा मोठा माणूस, त्याला टबात बसवला की गुडघे हनुवटीला लागायचे. मी रविवारी यायचे. मी खाली स्वयंपाकघरात आणि वर ही दोघं, आणि दार कधी नीट लागायचं नाही, ओलीने फुगलेलं. "हात वर. वर म्हटलं ना. मेल्या, वर कर." मग पाण्याचा आवाज. मग ब्रशचा आवाज, कपडे धुताना येतो तसा. मग डॅडचा एक बारीकसा आवाज, तो त्याच्या अंगातून येतोय हे पहिल्यांदा मला कळलंच नव्हतं, मला वाटलं होतं नळ. थोड्या वेळाने मा त्याला खाली घेऊन यायची, केस विंचरलेले, मानेवर लाल चट्टे, स्वच्छ शर्ट. ती त्याच्यासमोर सूप ठेवायची, त्याला भरवायची, तोंड पुसायची, आणि इतक्या मायेने पुसायची की मघाचं ऐकलेलं खोटं वाटावं. मला ते कधीच खोटं वाटलं नाही. मी मनात म्हणायचे, माझ्यावर वेळ आली तर मी असं करणार नाही. मी चांगलं करेन. कुणी बघो न बघो, मी नीट करेन. माला घरी आणायची म्हणून मी हात वर केला तेव्हा माझ्या मनात हेच होतं, आणि त्यात थोडी मिजास होती हे मी नाकारत नाही. मी तिला दाखवून देणार होते.

खाली दार वाजलं. नॉर्बचे बूट मला जिन्यावरून ओळखू येतात, एक पाय जड पडतो. तो वर आला, दारात थांबला, आणि भिंत बघून त्याचा चेहरा असा झाला की मला क्षणभर बरं वाटलं.

"हे काय चाललंय?"

"खरवडतेय."

"ते दिसतंय. का पण?"

"तू सांग ना का. तू मोठा कारागीर. शॉवरच्या आत लांबी भरलीयस, नॉर्ब. खाली कागद. अरे, लाज कशी नाही वाटली? तुझ्या हाताखालच्या पोराने हे केलं असतं तर तू त्याला त्याच बादलीत बुडवला असतास."

"व्हॅनमध्ये बादली पडली होती म्हणून भरलं. वर टाइलच लागणार आहे ना. टाइलमागे कोण बघायला येतंय?"

"पाणी येतं."

"झालं, वॉल्टरचं भूत बोललं." त्याने टोपी काढली, परत घातली. "दोन-तीन वर्षं काही होत नाही त्याला, बर्नी. तुलाही माहीत आहे."

"आणि दोन-तीन वर्षांनी? मा भिंतीला हात लावेल तेव्हा?"

त्याच्या बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग होते, तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला, लहानपणी काच फोडून आल्यावर उभा राहायचा तसा. मला वाटलं, बोलू नकोस. मूर्खा, आता गप्प बस, मी खरवडते, तू जा. पण नॉर्बला गप्प बसायचं तेव्हा तो बोलतो.

"मा येत नाहीये," तो म्हणाला.

"कुठे येत नाहीये?"

"घरी. घर विकायचंय. मंगळवारी फोटो काढायला माणूस येणार आहे."

"हे तू ठरवलंस."

"मी नाही."

"तुझ्या बायकोने ठरवलं."

"तिचं नाव घेऊ नकोस. माने ठरवलंय. मला बोलावून सांगितलं, आणि बर्नीसला सांगायचं नाही म्हणून बजावलं. मी काय करू? तू खोकी घेऊन आलीस, तेव्हाच सांगणार होतो. तुझं तोंड बघितलं आणि..." त्याने हात हवेत सोडून दिला. "जा, तिलाच विचार. माझ्यावर कशाला पत्ती उगारतेस?"

माझ्या हातात पत्ती वर होती खरी. मी ती खाली ठेवली. मालाची बादली तशीच, थापी तिच्यात उभी. मी त्याला ओलांडून खाली आले, कोट घातला आणि गाडी काढली.

शुक्रवार होता, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला, म्हणजे मांस नाही, मासे. वाटेत चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांसाठी लागलेली रांग दारापर्यंत आली होती आणि मी, आईने टाकलेली बाई, त्या रांगेत उभी राहिले. दुसरं काय करणार? दर शुक्रवारी मी तिला मासा नेते. पुढची बाई वळून म्हणाली, "हेडी कशी आहे, तुझी आई? कधी येतेय घरी?" मी म्हटलं, "येईल ना, बाथरूमचंच काम राहिलंय." रस्त्याच्या कडेला बर्फ काढायच्या गाडीने लोटलेल्या बर्फाचे ढीग अजून होते, काळे पडलेले, कुणाचे तरी हातमोजे त्यांत अडकलेले. गाडीत तेलाचा वास भरला. मी मोठ्याने बोलत होते, एकटीच. "मला विचारायचंस तरी. एका शब्दाने विचारायचंस." बसमध्ये पोरं मला हसतात, ड्रायव्हर एकटीच बडबडते म्हणून. बडबडते मी. ऐकणारं माणूस असतं तर कशाला बडबडले असते?

मा खिडकीशी खुर्चीत बसली होती, केस कुणीतरी वेगळे विंचरलेले, बाजूला भांग, आणि ती मला एकदम परकी, नीटनेटकी दिसली. मांडीवर नॉर्बने दिलेला टॅबलेट. तिने डाव्या हाताने खोकं उघडलं, मासा बघितला, मग माझ्याकडे.

"तुझ्या केसांत काय गं ते पांढरं?"

"लांबी. तुझ्या लाडक्याची."

"हं." तिने माशाचा तुकडा मोडला. तिचं बोलणं आता सावकाश येतं, पण शब्द सगळे जागेवर असतात. "म्हणजे सांगितलं त्याने. पोटात काही राहत नाही त्याच्या."

"मा, घर विकतेयस?"

"विकतेय."

"आणि मी? मी खोकी घेऊन डॅडच्या खोलीत येऊन बसलेय, मा. मी जागा सोडली. मला कशाला करू दिलंस हे सगळं? नॉर्बला सांगतेस, मला नाही. मी कोण आहे, शेजारीण?"

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस इथे आणि मला पटवलं असतंस. तू पटवतेस. तुझ्याशी भांडायला अंगात ताकद लागते." तिने पेपर नॅपकिनने ओठ पुसले, वाकड्या बाजूला जरा राहिलंच. माझा हात पुढे झाला. तिने मान मागे घेतली. थोडीशीच. पण घेतली.

"मी तुला नीट सांभाळलं असतं," मी म्हटलं. "तुला वाटतं नसतं सांभाळलं?"

"सांभाळलं असतंस. त्याचीच तर भीती." ती खिडकीबाहेर बघत होती, पार्किंगकडे. "तुझ्या बापाला मी त्या टबात धुवायचे. तू खाली असायचीस. ऐकायचीस. नाही म्हणू नकोस, खालचा भांड्यांचा आवाज थांबायचा. मी त्याला जोरात घासायचे, बर्नीस. घाण निघावी म्हणून नाही. तो बोलू शकत नव्हता म्हणून. तोंड चालत होतं तेव्हा त्याने मला जे जे बोलून घेतलं होतं, ते सगळं मला त्याची मान बघून आठवायचं. मी वाईट बाई नाहीये."

"नाहीस, मा."

"त्या खोलीत होते. बाहेर आले की नसायचे." तिने बोटं पुसली, एकेक. "नॉर्ब बापावर गेला, मऊ. तू माझ्यावर गेलीस. तुला प्रत्येक गोष्टीत मऊ जागा सापडते. छतात सापडली होती, आठवतंय? मला तुझ्यासमोर उघडं बसवू नकोस. तुझं बोट मला लागेल."

मी म्हटलं, "आणि इथल्या परक्या पोरी घालतात आंघोळ ती चालते?"

"चालते. गाणी लावतात. त्यांच्या बॉयफ्रेंडच्या गोष्टी सांगतात. त्यांना माझ्यात काही शोधायचं नसतं." मला वाटलं संपलं. मग ती म्हणाली, "त्यांना मी आयुष्यात काही केलेलं नाही."

एवढंच. आयुष्यभर मी त्या वाक्याची वाट बघितली होती, आणि ते असं आलं, माशाच्या खोक्यावर, आणि आल्या आल्या मला बाहेर घालवून. तिला माहीत होतं. लोण्याच्या कोकराचं डोकं, खुर्ची, छत, मावशीसमोर काढलेले शब्द, माझ्या लग्नात तिने घातलेला सुतकाचा काळा ड्रेस, सगळं तिला माहीत होतं, मोजून. मी वेडी, मला वाटायचं तिच्या लक्षातच नसेल. मला ओरडावंसं वाटलं की मी तुला घासलं नसतं. हळू हात फिरवला असता. आणि त्याच वेळी मला माझं बोट दिसलं, मघाचं, ओलं, सांध्यावर घासणारं, एकदा पांढरं आल्यावर समाधान न होता पुन्हा घासणारं. मी ओरडले नाही.

मी उठले तेव्हा तिने विचारलं, "ते सगळं खरवडलंस का?"

"अर्धं."

"अरेरे. फोटो पाठवला होता त्याने. किती सुरेख दिसत होतं." ती खरोखर हळहळली, टॅबलेटवरून बोट फिरवत. "हात फिरवावासा वाटत होता."

घरी आले तेव्हा नॉर्ब गेला होता. बादलीतला माल धरला होता. थापी मधोमध उभी, हलेना. मी बादली उपडी करून ठोकली तेव्हा बादलीच्या आकाराचा गोळा थापीसकट जमिनीवर पडला, आणि मी तो तसाच ढकलत कोपऱ्यात नेला. चांगली थापी होती. मग मी भिंतीकडे बघितलं. डावी बाजू पांढरी, सुरेख. मधली आणि उजवी मी उकरलेली, भेगा उघड्या, कडा कुरतडलेल्या, कुणीतरी दातांनी काढल्यासारखी. हे मी केलं होतं. मंगळवारी फोटो. नॉर्बची लांबीची बादली दारामागे होती. मी झाकण उघडलं आणि त्याची रुंद पत्ती घेतली. कशाला खोटं बोलू, मला त्यात सुख वाटलं. लांबी मालासारखी हट्टी नसते. ढकलाल तिकडे जाते, चुकलात तर परत येते, थांबते तुमच्यासाठी. कागदाची पट्टी लावली, तिच्यावर पातळ हात मारला, कडा नाहीशा केल्या. विकत घेणाऱ्याच्या भिंतीत दोन-तीन वर्षांनी काय व्हायचं ते होईल. कोण असतील ते, त्यांच्यात कुणी म्हातारं असेल का, हा विचार आला आणि मी तो पत्तीने सपाट केला. सगळे सांधे भरून घेतले, हीटर लावून दार बंद केलं आणि डॅडच्या खोलीत खोक्यांच्या मधे आडवी झाले.

सकाळी सगळं खडखडीत वाळलं होतं. मी पॉलिश पेपरने घासलं, ओल्या फडक्याने धूळ काढली, आणि तळहात फिरवला, मा फिरवायची तसा, डोळे मिटून. सांधा सापडला नाही. मी दोनदा फिरवला. नाहीच सापडला. खिडकीतून शनिवारचं ऊन आलं होतं, त्यात भिंत इतकी सुंदर दिसत होती की मी फोटो काढला आणि माला पाठवला. काही लिहिलं नाही. फोन जवळजवळ लगेच वाजला.

"आला वाटतं नॉर्ब परत!" तिचा आवाज कितीतरी दिवसांत इतका मोकळा नव्हता. मागे कुठल्या तरी पोरीचं गाणं चालू होतं. "बघ, सांगत होते ना मी? तुझा राग मेला एका रात्रीचा. त्याने कसं परत केलं बघ. काय हात आहे गं पोराचा! कुठे सांधाच दिसत नाही."

"हो," मी म्हटलं, "नॉर्बनेच केलं."

"त्याला सांग, मा म्हणाली सुरेख झालंय."

"सांगते."

"आणि तू हात लावू नकोस आता त्याला."

"नाही लावत, मा."

मी फोन खिशात टाकला. मग बोट तोंडात घालून ओलं केलं आणि मधल्या सांध्यावर टेकवलं. दुसऱ्या हाताने पत्ती उचलली.